कुलगुरूंचा रिकामा रकाना

वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कुलगुरू तिकिटाच्या खिडकीवर स्टुडंट डिस्काउंट मागायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेच मुळी अशा एका खिडकीवर. आमच्या मराठी मंडळाची उन्हाळी सहल होती, एका मोठ्या बागेत. रांगेत ते माझ्या पुढे होते. खिडकीतली मुलगी त्यांना समजावत होती की सीनियरचं तिकीट स्टुडंटच्या तिकिटापेक्षा दोन डॉलरनं स्वस्त आहे. कुलगुरूंनी पाकिटातून पिवळं पडलेलं एक कार्ड काढून तिच्यापुढे धरलं. त्यावर दाट केसांच्या एका पोराचा फोटो आणि अर्धवट पुसलेला गोल शिक्का होता. "बाई, मी विद्यार्थी आहे," ते शांतपणे इंग्रजीत म्हणाले. "या कार्डाची मुदत संपलेली नाही. विद्यापीठ संपलं, तो वेगळा मुद्दा आहे." मुलीनं कंटाळून स्टुडंटचं तिकीट फाडलं आणि ते दोन डॉलर जास्त देऊन आत गेले.

माझं डोकं फिरलं. माणूस स्वस्तातली वस्तू समोर ठेवलेली असताना महाग घेतो आणि वर त्यासाठी वाद घालतो, हे मला बघवत नाही. मी मागून म्हणालोसुद्धा, "काका, उलटा भाव करताय!" त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "भाव नाही केला. खरं ते सांगितलं."

'कुलगुरू' हे नाव मंडळातल्या पोरांनी ठेवलेलं. गणपतीला, कोजागिरीला, कुठेही चार माणसं जमली की त्यांचं पहिलं वाक्य असायचं, "आमच्या विद्यापीठात..." ते विद्यापीठ युरोपातल्या एका लहान गावातलं, कित्येक शतकं जुनं. गावाचं नाव ते सांगायचे, पण आमच्यापैकी एकालाही ते धड उच्चारता आलं नाही, म्हणून इथे लिहायच्या भानगडीत पडत नाही. तरुण वयात ते नागपूरहून स्कॉलरशिपवर तिथे गेले होते. पुढे अमेरिकेत आले, शिकागोजवळ, शॉमबर्गच्या शेजारच्या एका गावाच्या लायब्ररीत पुस्तकांची सूची करण्याचं काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. मूलबाळ नव्हतं. काकू मी त्यांना ओळखायला लागायच्या आधीच गेल्या होत्या.

माझी गोष्ट वेगळी. मी मिरजेचा. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. माझी बायको शैला नर्स म्हणून इकडे आली आणि मी तिच्या मागून आलो. सुरुवातीला दुसऱ्याच्या ट्रकवर ऑफिसच्या खुर्च्या उचलल्या. आज माझं स्वतःचं गोडाऊन आहे. शिकागोच्या आसपास एखादी कंपनी ऑफिस बंद करते तेव्हा तिची टेबलं, कपाटं, खुर्च्या मी उचलतो, दुरुस्त करतो आणि विकतो. धंदा चांगला आहे. पण मंडळात नवा माणूस भेटला की तिसरा प्रश्न ठरलेला, "मग शिक्षण कुठलं?" मी उत्तर दिलं की समोरचा "ओह, नाइस" म्हणतो आणि मोबाइलमध्ये बघतो. हे 'ओह, नाइस' मी वीस वर्षं ऐकतोय आणि प्रत्येक वेळी मला ते तितकंच लागतं. लपवण्यात अर्थ नाही.

सहलीनंतर महिन्याभरानं कुलगुरू गोडाऊनवर आले. त्यांना लिहायला मोठं टेबल हवं होतं. एका वकिलाच्या ऑफिसातून आलेलं ओकचं टेबल त्यांनी पसंत केलं. मी किंमत सांगितली, दीडशे. नव्वदला द्यायचं मनात होतं. त्यांनी खिशातून दीडशे काढून टेबलावर ठेवले.

"अहो काका, भाव तरी करा!"

"का? तुम्ही सांगितलेली किंमत चुकीची आहे का?"

"नाही, तसं नाही..."

"मग?"

मी इतका चिडलो की एक चांगली फिरती खुर्ची फुकट ट्रकमध्ये टाकली आणि टेबल स्वतः त्यांच्या घरी पोचवलं. तेव्हापासून ते मला 'शेठ' म्हणायला लागले.

मोतीबिंदूनंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं. मग दर शनिवारी त्यांना इंडियन ग्रोसरीला नेणं माझ्याकडे आलं. मी ते मागून घेतलं नव्हतं, शैलानं परस्पर ठरवलं. त्या तासाभरात मी विद्यापीठाचा इतिहास ऐकायचो. मिठाच्या व्यापाऱ्यांनी आपल्या पोरांना कायदा शिकता यावा म्हणून ते सुरू केलं. प्रत्येक विद्यार्थ्यानं हिवाळ्यात सकाळी शेगडीसाठी एक ओंडका घेऊन यायचा, नाहीतर वर्गात बसायचं नाही. एकदा रोगाच्या साथीत बंद पडलं, एकदा लढाईत, आणि एकदा राजाला पैसे हवे होते म्हणून. "पण दर वेळी परत सुरू झालं," कुलगुरू सांगायचे. "कारण वही शिल्लक होती."

ही वही म्हणजे विद्यार्थ्यांची नोंदवही. तिथली रीत अशी की प्रवेश घेतला की विद्यार्थ्यानं त्या वहीत स्वतःच्या हातानं नाव लिहायचं. पुढे चार रकाने असतात: गाव, विषय, गुरू आणि पदवी. एकदा लिहिलेलं नाव कोणी खोडत नाही. पदवी मिळाली की शेवटचा रकाना भरतात. नाही मिळाली तर तो रिकामा राहतो, आणि तो भरेपर्यंत माणूस विद्यार्थीच. कुलगुरूंचा प्रबंध याच वहीवर होता. प्रबंध लिहून झाला, तपासून झाला, तोंडी परीक्षा सोमवारी ठरली. शनिवारी तिथल्या तेव्हाच्या सरकारनं विद्यापीठ बंद केलं. सोमवारी कुलगुरू टाय बांधून गेले तर फाटकाला कुलूप होतं. पहारेकरी म्हणाला, "घरी जा, इथे आता ट्रॅक्टर दुरुस्तीची शाळा होणार." हे सांगताना त्यांचा आवाज कधी चढला नाही. शेवटी एवढंच म्हणायचे, "तोंडी परीक्षा बाकी आहे."

मी एकदा विचारलं, "काका, मग दुसरीकडे का नाही केली पीएचडी?"

"दुसरीकडे माझी परीक्षा बाकी नव्हती."

मी त्यांना ओळखायला लागल्यानंतर तीन-चार वर्षांनी ते विद्यापीठ परत सुरू झालं. सरकारं बदलून बराच काळ लोटला होता, पण इमारत मोकळी व्हायला वेळ लागला. आधी दोन खोल्यांत वर्ग भरले, मग जुना हॉल दुरुस्त केला. आणि वही सापडली. कचेरीतल्या एका बाईनं ती कोबीच्या लोणच्याच्या पिंपामागे लपवून ठेवली होती, तिच्या नातीनं आणून दिली. नव्या विद्यार्थ्यांनी त्याच वहीत, जिथे थांबली होती तिथून पुढे नावं लिहिली. वेबसाइटवरचा त्याचा फोटो कुलगुरूंनी मला मोठा करून दाखवला. मोठा केला तरी अक्षरं पुसटच होती. "शेठ, मी शेवटचा होतो, माझ्यानंतर सरकारनं नवे प्रवेशच थांबवले होते. हे नवे लोक माझ्या खालच्या ओळीवर आले."

त्यांनी परीक्षेची तारीख मागणारं पत्र पाठवलं. मग दुसरं, मग तिसरं. कागदावर, पोस्टानं. शेवटी एक छापील उत्तर आलं: या नावाच्या विद्यार्थ्याची नोंद सापडत नाही. त्या शनिवारी ते ग्रोसरीत पोह्याचं पाकीट हातात घेऊन नुसते उभे राहिले.

मी म्हटलं, "पत्रं कसली लिहिता? नंबर द्या." त्यांना फोनवर नीट ऐकू येत नसे. मी सकाळी सातला गोडाऊनमध्ये बसून फोन लावला, तिकडे दुपारचे दोन वाजले होते. नोंदणी कचेरीतली एक बाई बोलली, इंग्रजी बरं होतं. म्हणाली, यादी तपासली, नाव नाही.

मी विचारलं, "जुन्या नावांतलं शेवटचं नाव कोणाचं आहे?"

"शेवटची ओळ वाचता येत नाही. सूचीत 'अवाचनीय' लिहिलंय."

"फोटो पाठवा."

"ते नियमात बसत नाही."

मी काही बोललो नाही. समोरच्याला शांतता सहन होत नाही, हे मी धंद्यात शिकलोय. अर्ध्या मिनिटानं ती म्हणाली, थांबा. दहा मिनिटांनी फोटो आला. शेवटच्या ओळीवर, जाड निबेनं, ठसठशीत देवनागरीत कुलगुरूंचं नाव होतं. गाव: नागपूर.

"बाई, मला वाचता येतं," मी म्हटलं आणि वाचून दाखवलं. "आता सांगा, याचं नाव काढून टाकल्याचा काही कागद तुमच्याकडे आहे?"

"नाही."

"म्हणजे तुमच्याकडे एक विद्यार्थी पेंडिंग आहे."

कुलगुरूंना मी विचारलं, देवनागरीत का लिहिलंत? तर लाजले. "त्या दिवशी घरची फार आठवण आली होती. नंतर विसरूनच गेलो."

पुढचे दोन महिने मी त्या बाईशी घासाघीस केली. आयुष्यात इतका चांगला सौदा मी केलेला नाही. त्यांचं म्हणणं होतं, जुने अभ्यासक्रम राहिले नाहीत, परीक्षक वारले, परीक्षा घेणं अवघड आहे. मी म्हटलं, मग काय देता ते सांगा. हॉलच्या उद्घाटनाला बोलावू म्हणाले. मी गप्प. पहिल्या रांगेत बसवू. मी गप्प. शेवटी त्यांनी मानद डॉक्टरेट देऊ केली. जाण्यायेण्याचा खर्च त्यांचा, हॉटेल त्यांचं आणि सोबत एक माणूस.

मी मिठाई घेऊन कुलगुरूंच्या घरी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डबा उघडला, एक पेढा मला दिला आणि म्हणाले, "शेठ, तुम्ही फार कष्ट घेतलेत. पण हे मला नको."

"नको म्हणजे?"

"मानद पदवी पाहुण्याला देतात. मी पाहुणा नाही. माझी परीक्षा बाकी आहे."

मग मी जे बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात असं: "डॉक्टर व्हा म्हणतायत तुम्हाला, आणि तुम्हाला नखरे सुचतायत? मला कोणी असा कागद दिला असता तर मी तो गोडाऊनच्या दारावर लावला असता, ते 'ओह, नाइस' म्हणणारे सगळे त्याच्याखालून आत आले असते! तुमच्याकडे आहे म्हणून किंमत नाही!" ते म्हणाले, "माझ्याकडे नाही. म्हणून तर." मी पेढा टेबलावर ठेवला, मीच विकलेल्या टेबलावर, आणि निघून आलो.

तो अख्खा हिवाळा मी त्यांच्याशी बोललो नाही. शनिवारी शैला त्यांना न्यायची. एक दिवस आली आणि म्हणाली, "अहो, काकांनी स्वतःच पत्र लिहून परीक्षा मिळवली. व्हिडिओवर घेणार आहेत. त्यांना लांब टेबलाची खोली हवीय. उभं राहून बोलायचंय म्हणे."

"मग भाड्यानं घ्या म्हणावं."

"तुम्हीच सांगा. ते बाहेर गाडीत बसलेत."

गोडाऊनच्या पुढच्या भागात मी नमुना म्हणून एक कॉन्फरन्स रूम मांडून ठेवलेली आहे, चौदा माणसांचं टेबल आणि भिंतीवर मोठा स्क्रीन. ती मी दिली. परीक्षेच्या दिवशी सकाळी कुलगुरू बारीक तपकिरी टाय बांधून आले. मी विचारलं नाही, पण तो कुठल्या सोमवारचा होता ते मला कळलं. हातात एक ओंडका होता. तो त्यांनी टेबलाच्या पायाशी ठेवला. मी म्हटलं, "काका, इथे हीटिंग आहे." म्हणाले, "माहितीये."

स्क्रीनवर तीन परीक्षक होते. एक बाहेरच्या देशातले असल्यामुळे परीक्षा इंग्रजीत होती. तिथल्या रीतीप्रमाणे तोंडी परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसू शकतो, म्हणून मी आणि शैला कोपऱ्यात बसलो. कुलगुरू तासभर उभं राहून बोलले. तीन वेळा विद्यापीठ बंद पडलं, तिन्ही वेळा वहीमुळे परत उभं राहिलं. परीक्षक माना हलवत होते. काम फत्ते झालंय हे मला चेहऱ्यांवरून दिसत होतं. सौदा ठरला की माणसं मागे रेलतात, तसे ते रेलले होते.

मग मुख्य परीक्षक बाईंनी, बहुधा रीत म्हणून, विचारलं, "उपस्थितांपैकी कोणाला प्रश्न विचारायचा आहे का?"

शैलानं माझा हात दाबला. तिला माझा स्वभाव माहीत आहे. पण मी टेबल विकत घेताना आधी खाली वाकून बघतो. वरून कितीही चकचकीत असलं तरी खालची फट मला दिसतेच, आणि दिसली की गप्प बसवत नाही. मी उभा राहिलो. "सर, तुम्ही म्हणता तिन्ही वेळा वही शिल्लक होती म्हणून विद्यापीठ सुरू झालं. पण जिथे वही हरवली असं एकही विद्यापीठ तुम्ही तपासलेलं दिसत नाही. तिथलंही सुरू झालं असेल तर? मग वहीचाच गुण कशावरून?"

मुख्य बाईंनी चष्मा काढला, परत घातला आणि काहीतरी लिहायला लागल्या. कुलगुरू माझ्याकडे बघत होते. मग सावकाश म्हणाले, "या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आज नाही."

अर्ध्या तासानं निकाल आला. प्रबंध परत. मोठ्या दुरुस्त्या करून, एक नवं प्रकरण जोडून वर्षभरात पुन्हा सादर करावा, मग पदवीचा विचार होईल. स्क्रीन बंद झाला. मी त्यांना फुकट पदवी आणून दिली होती, ती त्यांनी नाकारली, आणि जी ते स्वतः कमावत होते ती मी घालवली. मी म्हटलं, "काका, माझ्या तोंडाला कुलूप लावायला पाहिजे होतं."

कुलगुरू टाय सैल करत होते. चेहरा असा उजळलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. "शेठ, दुरुस्त्या दिल्या त्यांनी! पाच पानं पाठवणार आहेत! पाहुण्याला कोणी दुरुस्त्या देतं का?" मग शैलाकडे वळून म्हणाले, "आणि प्रश्न बघ कसा विचारला यानं. माझ्या गुरूंनी हाच विचारला असता."

पुढचे आठ महिने ते त्या ओकच्या टेबलावर नवं प्रकरण लिहीत होते. शनिवारी गाडीत आता इतिहास ऐकणं बंद झालं, वाद सुरू झाला. ते म्हणायचे, अमुक गावात वही जळाली आणि विद्यापीठ पुन्हा उघडलंच नाही. मी म्हणायचो, एका गावावरून काय ठरतं, अजून गावं दाखवा. ते मुद्दा सोडत नसत, मीही नाही. ग्रोसरीतली माणसं आमच्याकडे बघायची.

मार्चमध्ये न्यूमोनियानं त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं, शैलाच्याच मजल्यावर. मी दुपारी भेटायला गेलो. मास्क बाजूला करून म्हणाले, "शेठ, मुदतवाढीचा अर्ज करावा लागेल. मी लिहून ठेवलाय, टेबलावर आहे. पाठवा. पण फोन नका करू."

"का?"

"तुम्ही फोन केलात की ते जास्त देतात."

चौथ्या दिवशी ते गेले. कागदपत्रांवर नातेवाईक म्हणून त्यांनी माझा नंबर लिहून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. टेबलावर अर्ज होता आणि अर्धवट प्रकरण. पहिल्याच पानाखाली बारीक अक्षरात टीप होती: हा प्रश्न तोंडी परीक्षेत उपस्थितांपैकी एकानं विचारला. पुढे माझं संपूर्ण नाव, आणि 'जुन्या फर्निचरचे व्यापारी, शॉमबर्ग'. ते पान मी तीन वेळा वाचलं. मग उगाचच त्यांच्यावर चिडलो. नाव लिहायचं तर प्रकरण पुरं करायचं होतं ना!

त्यांनी सांगितलं होतं म्हणून मी अर्ज पाठवला आणि सोबत ते गेल्याचं विद्यापीठाला कळवलं. दोन दिवसांनी ईमेल आली: परिस्थिती लक्षात घेऊन मरणोत्तर पदवी द्यायला आणि वहीतला रकाना भरायला विद्यापीठ तयार आहे, फक्त आपली संमती हवी. मंडळाचा सेक्रेटरी अमेय शेजारीच बसला होता. त्यानं लगेच शोकसभेचं पत्रक बनवून ग्रुपवर टाकलं. नावाच्या आधी ठळक 'डॉ.'

"ते काढ," मी म्हटलं.

"काका, ऑफिशियल आहे यार, ईमेल आलीये! तुम्हीच तर त्यांच्यासाठी एवढं फाइट केलं होतं."

"काढ म्हणतो ना! परीक्षा बाकी आहे त्यांची!"

"पण ते गेले, काका."

"म्हणून काय झालं?" मी इतक्या जोरात ओरडलो की गोडाऊनमधली माणसं काम थांबवून बघायला लागली. अमेयनं 'डॉ.' काढलं. माझं बरोबर होतं की नाही, मला आजही माहीत नाही. त्यांनी तेव्हा हो म्हटलं असतं तर पदवी घेऊन गेले असते, ही माझी तक्रार अजून आहे. ती जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी फोन लावला. त्यांनी नको म्हटलं होतं, तरी. तीच बाई होती. मी सांगितलं, रकाना रिकामा ठेवा.

"पण ते वारले ना?"

"वारल्याची नोंद करायला तुमच्या वहीत रकाना आहे का?"

"नाही."

"मग?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. या वेळी मी शांतता वापरत नव्हतो, मलाच बोलता येत नव्हतं. मग तिनं हळूच विचारलं, "आणि मुदतवाढीचा अर्ज आलाय, त्याचं काय करू?"

"नियमाप्रमाणे जे करता ते."

कागद हलवल्याचा आवाज आला, मग शिक्का मारल्याचा. "एक वर्षाची मुदत वाढवली आहे," ती म्हणाली.

मी जास्त मागितली नाही.